साल सोडून

जबलपूर, भाद्रपद वद्य पंचमी, रविवार

गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाची क्षमा मागूनच सुरुवात केली पाहिजे. मंडळाची तीन पत्रे आली, पहिले चैत्रात. मी एकाचेही उत्तर दिले नाही. लेखाची मुदत टळून गेली आणि आता पितृपंधरवड्यात, जेव्हा कोणी शुभकार्याचा कागद हातात घेत नाही, तेव्हा मी लिहायला बसलो आहे. सीमेवर लढाई पेटली आहे. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले आहेत, कारखान्यांचे भोंगे वेळी-अवेळी वाजतात, कचेरीत रजा बंद झाल्या आहेत. ही कारणे खोटी नाहीत. पण चैत्रात लढाई नव्हती, तेव्हाही मी लिहिले नाही. खरे कारण वेगळे आहे, आणि ते सांगितल्याशिवाय बापूसाहेबांविषयी खरे लिहिता येणार नाही, हे मला आज सकाळी कळले.

श्री. केशव रामचंद्र पिंपळखुटे, म्हणजे आपले बापूसाहेब, यांना येत्या कार्तिकात पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. जबलपुरातल्या बहुतेक मराठी मंडळींना ते वाचनालयाचे जुने चिटणीस म्हणून ठाऊक आहेत. त्यांचे आयुष्याचे काम मात्र जंगलात झाले, आणि ते जवळून पाहिलेला या शहरात मी बहुधा एकटाच उरलो आहे.

माझी त्यांची पहिली भेट मागच्या मोठ्या लढाईच्या काळात, सिविल लाइन्समधल्या आमच्या कचेरीत झाली. मी गणित घेऊन बी.ए. झालो होतो. घमापुरात दोन खोल्यांत आई आणि मी राहत होतो. बापूसाहेबांना तक्ते करायला कारकून हवा होता. ते तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, अंगाने ठेंगणे. खाकी कोट, खिशातून लोंबणारी मोजायची फीत आणि हातात एक सरळ, सोललेली काठी.

“झाडाचा घेर कुठे मोजाल?” त्यांनी विचारले.

“मधोमध,” मी म्हणालो.

“शिडी काय मातोश्री देणार?”

मी गोंधळून म्हणालो, “मग छातीइतक्या उंचीवर.”

“कोणाच्या छातीइतक्या? तुमच्या, का माझ्या?” मी त्यांच्यापेक्षा हातभर उंच होतो. त्यांनी काठी माझ्यासमोर फरशीवर उभी धरली. “हिच्या. मोजणारी माणसं बदलतात, मनोहरपंत. झाड तेच राहते. म्हणून जागाही तीच राहिली पाहिजे.”

ती काठी साडेचार फुटांची होती. पुढे कित्येक महिने मी तिच्या मागोमाग चाललो.

बापूसाहेबांचे काम म्हणजे जंगलाची रचना समजून घेणे. ते जंगलात एक चौकोन आखीत, चार कोपऱ्यांवर दगड पुरीत, आतल्या प्रत्येक झाडावर डांबराने नंबर घालीत आणि काठीच्या उंचीवर घेर घेत. काही वर्षांनी पुन्हा तेच झाड, तीच जागा. कोणत्या वयाची किती झाडे आहेत, मधल्या वयाची पुरेशी आहेत की नाहीत, खाली रोपे आहेत की नुसते गवत, आणि दर वर्षी जंगल वाढते किती, हे कळले तर तोड किती करावी ते कळते. वाढीइतकेच घ्यायचे, एवढा साधा विचार. तो साधा विचार खरा करायला त्यांनी वीस-पंचवीस हिवाळे तंबूत काढले.

एकदा एक वरचे अधिकारी पाहणीला आले. सरळसोट, छप्पर धरून उभी असलेली झाडे पाहून ते म्हणाले, “काय भरलेलं जंगल आहे हो!” बापूसाहेब म्हणाले, “साहेब, हा पेन्शनरांचा क्लब आहे. एकही कर्ता मनुष्य दिसतो काय तुम्हाला?” अधिकारी हसले. बापूसाहेब हसले नव्हते. त्यांनी त्या अहवालात तोड निम्म्यावर आणायला सांगितली आणि तीन वेळा कागद परत आला तरी आकडा बदलला नाही.

बाकीचे लोक जंगलाकडे मान वर करून बघत. बापूसाहेब गुडघे टेकून बघत. रोपे मोजायची तर दुसरा उपाय नव्हता. आमच्याबरोबर सुकलू नावाचे वयस्क गोंड वनरक्षक असत. ते झाडाला टेकून विडी ओढत विचारायचे, “काय साहब, भगवान मिले?”

“मिले. डेढ़ बित्ते के हैं,” बापूसाहेब दीड वितीच्या रोपावरून मान न उचलता म्हणायचे.

“तो पाँव पड़ लो.”

मंडल्याच्या बाजूला भंवरडोह नावाचा एक नाला आहे. त्याला दोन उतार आहेत, एक उत्तरेचा, एक दक्षिणेचा. दोन्हींवर सरईचे जंगल होते. पुस्तकांत या झाडाला साल म्हणतात, इकडचे लोक सरई म्हणतात. या लेखात मी सरईच म्हणणार आहे; का, ते पुढे येईल. त्या खोऱ्यात थंडीत दव गोठून गवत पांढरे होते. म्हातारी झाडे वर छत धरतात म्हणून खालची रोपे तगतात. सरईचे रोप दर वर्षी वरून मरते, कधी गारठ्याने, कधी वणव्याने, आणि खाली मूळ जाड करीत राहते. मग एखाद्या वर्षी ते उठते आणि पुन्हा खाली बसत नाही. “हे दिसायला पोर आहे,” बापूसाहेब मला एक वीतभर रोप दाखवून म्हणाले होते, “वयाने तुमच्या बरोबरीचं असेल. त्याला अहो-जाहो करा.”

त्यांच्या मायेची एक गोष्ट सांगितली पाहिजे. पहिल्याच हिवाळ्यात मला तंबूत हिवताप आला. पंधरा दिवस मी उठलो नाही. बापूसाहेब स्वतः कोयनेल देत, खिचडी भरवीत, आणि माझे तक्तेही तेच पुरे करीत. आईला काळजी नको म्हणून त्यांनी एक युक्ती केली. माझ्या अक्षराची नक्कल करून ते माझ्या नावाने तिला पोस्टकार्डे धाडू लागले. प्रकृती उत्तम आहे, भूक चांगली लागते, इत्यादी. मी घरी परतलो तेव्हा आईने तीन कार्डे माझ्यापुढे ठेवली. “अक्षर तुझंच दिसते,” ती म्हणाली, “पण तू मला कधी ‘साष्टांग नमस्कार’ लिहून राहिला होतास? हा कोण भला माणूस आहे, त्याला जेवायला बोलाव.” बापूसाहेब आले, आणि पुढे दर चतुर्थीला येत राहिले.

आता ज्या गोष्टीमुळे मी चैत्रापासून गप्प होतो, ती.

लढाईच्या ऐन भरात कारखान्यांकडून लाकडाची मोठी मागणी आली. गाड्यांना, पेट्यांना, रुळांखालच्या स्लीपरांना. भंवरडोहाच्या दोन्ही उतारांची मोजणी एकाच पानावर होती. बापूसाहेबांनी त्या पानाच्या समासात पेन्सिलीने दोन शब्द लिहिले होते: “साल सोडून.” त्यांचा अर्थ सरळ होता. इथे मधली पिढी विरळ आहे, म्हाताऱ्यांचे छत मोडता कामा नये, म्हणून साल, म्हणजे सरई, सोडून बाकीची झाडे घ्यावीत. साजा घ्या, धावडा घ्या, सरईला हात लावू नका.

मी वाचले ते निराळे. आमच्या घरी साल म्हणजे वरची साल, फळाची किंवा झाडाची. आणि घेर सालीसकट घेतला की साल सोडून, हा प्रश्न आमच्या तक्त्यांत रोजचा होता. मला वाटले, या पानावरचे घेर साल वगळून लिहिलेले आहेत. म्हणून प्रत्येक घेरात मी सालीची जाडी मिळवली. त्यामुळे सरई तोडीच्या यादीत राहिलीच, शिवाय मधल्या वयाची जी थोडी झाडे होती तीही कागदावर जाड होऊन तोडीच्या मापात बसली. एखाद्या हिंदी कारकुनाने सालीला छाल म्हटले असते; त्याच्याकडून ही चूक झाली नसती. ती दोन मराठी माणसांमध्येच होऊ शकत होती.

मला रोजनिशी लिहायची सवय आहे. आज जुनी वही काढून पाहिली. तक्ता केला त्या दिवसाच्या पानाखाली लिहिले आहे: “उद्या: साल सोडून म्हणजे नेमके काय, ते बापूसाहेबांना विचारणे.” म्हणजे मला शंका आली होती. दुसऱ्या दिवसाच्या पानावर एवढेच आहे की नवा जोडा पायाला लागला. ते दौऱ्यावर होते, की मी कंटाळा केला, की विचारले तर अडाणी दिसू अशी लाज वाटली, हे लिहिलेले नाही. आता आठवायला गेलो तर सोयीचेच आठवेल, म्हणून आठवत नाही.

तीसेक पानांची फाइल मी त्यांच्यापुढे ठेवली. माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी सह्या केल्या.

थंडी संपेपर्यंत उत्तरेचा उतार गेला. सुकलू दोन दिवस चालत जबलपुरात आले आणि कचेरीच्या व्हरांड्यात बसून राहिले. बापूसाहेब बाहेर आले तेव्हा ते उठले नाहीत. खालूनच म्हणाले, “साहब, सरई काहे कटवा दी?”

“मैंने?”

“कागज में आपकी सही है. हमने पूछा था.”

बापूसाहेबांनी आत येऊन वही काढली. समास पाहिला, माझा तक्ता पाहिला, मग माझ्याकडे पाहिले. पुढे चौकशी झाली. मी त्याच खोलीत फायली घेऊन उभा होतो. त्यांना विचारले गेले, यादी चुकली कशी? ते म्हणाले, “सही माझी आहे. समासातलं अक्षरही माझंच आहे.” तक्ता कोणी केला, या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले, “माझ्या हाताखाली झाला.” एवढ्यावर चौकशी मिटली. त्यांची बढती गेली आणि पेन्शन होईपर्यंत त्यांना एका कारखान्याच्या लाकूड-आवारात आलेले ओंडके मोजायला पाठवले. त्याच महिन्यात मी कायम झालो.

एकदा कागद घेऊन मी त्या आवारात गेलो होतो. करवतीच्या आवाजात बापूसाहेब काठी आणि फीत घेऊन ओंडक्यांच्या ओळीतून फिरत होते. एका ओंडक्यापाशी थांबले. त्यावर डांबराचा नंबर अजून दिसत होता. “सत्तेचाळीस,” ते म्हणाले. “याच्याखाली सुकलू जेवायला बसायचा.” त्यांनी त्याचा घेर घेतला, वहीत लिहिला आणि पुढे गेले. जाताना मला म्हणाले, “एक काम करा, मनोहरपंत. दक्षिणेचा उतार अजून उभा आहे. त्या पानावर ‘साल’ खोडा, ‘सरई’ लिहा, कारण लिहा, तारीख घालून सही करा. बस्स. बाकी कोणाला काही सांगू नका.”

“करतो,” मी म्हणालो.

मी ते केले नाही. कारण लिहायचे तर माझे नाव येणार होते. लढाई थांबली, मागणी थांबली, आणि दक्षिणेचा उतार वाचला. मी माझी समजूत घातली की आता त्या पानाचे कोणाला काम नाही. उत्तरेच्या उतारावर आज कमरेएवढे गवत आहे. छत गेल्यावर दर थंडीत रोपे जळाली आणि मग मुळेही उठायची थांबली. मागच्या वर्षी मी जाऊन पाहिले. कोपऱ्याचे दगड सापडले. मधे काही नाही.

आज सकाळी मी लेखाची दोन पाने घेऊन बापूसाहेबांकडे गेलो. ग्वारीघाटाच्या रस्त्यावर श्राद्धाला निघालेल्या लोकांची गर्दी होती. बापूसाहेब ओसरीवर बसले होते. मोतीबिंदूमुळे त्यांना आता वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवले. त्या पानांत ध्येयनिष्ठा होती, तपश्चर्या होती, ऋषितुल्य असा एक शब्द होता.

ते ऐकून म्हणाले, “काहून हो, पितृपंधरवड्यात मला मारून टाकलं काय? एवढे गुण मेलेल्याचेच असतात.”

मी हसलो नाही. भंवरडोहाची चूक माझी होती, हे लेखात लिहायचे आहे, म्हणून परवानगी मागायला आलो आहे, असे सांगितले.

“ते मला तेव्हापासून ठाऊक आहे. मी तुमचं अक्षर ओळखत नाही काय? त्या अक्षरात तुमच्या आईला कार्डं लिहिली मी.”

“मग चौकशीत बोलला का नाहीत?”

“तुम्ही चोवीस वर्षांचे होते, घरात आई. आणि शब्द माझाच दुतोंडी होता. सरई लिहायला काय झालं होतं मला? अच्छा, सोडा. दुरुस्ती तर तुम्ही लगेच केली. ते महत्त्वाचं.”

भिंतीवर कोणी ठेवलेल्या घासावर कावळे येत होते.

“केली ना?”

“नाही, बापूसाहेब.”

त्यांनी चेहरा माझ्या दिशेने वळवला. “दक्षिणेचा उतार?”

“नव्या मागणीत आहे. यादी त्याच पानावरून, माझ्या जुन्या तक्त्याप्रमाणे झाली आहे. उद्या निघते.”

“सही कोणाची लागते आता?”

“माझी.”

मीच काहीतरी बोलायचे म्हणून बोललो, की लढाई आहे, कारखाने रात्रंदिवस चालले आहेत, या वेळी लाकूड कमी केले तर लोक काय म्हणतील. घमापुरात आमच्या आजूबाजूच्या अर्ध्या घरांतले पुरुष कारखान्यांत दोन-दोन पाळ्या करीत आहेत, तेही सांगितले.

“मग द्या ना लाकूड. मी कधी नाही म्हटलं? तिकडे पोरं मरून राहिली, त्यांना पेट्या पाहिजेत. साजा द्या, धावडा द्या, दुसऱ्या जंगलातून द्या. पण त्या उतारावरची सरई एकदा गेली की गेली, हे तुम्ही डोळ्यांनी पाहून आला.” ते थांबले. “ती चूक होती, मनोहरपंत. ही चूक नाही.”

मी पाने घडी करून खिशात ठेवली.

“छापायचं असेल तर हे छापा,” ते म्हणाले. “नाही तर माझं नाव ग्रंथातून काढा. चलो, या आता.”

ते उठू लागले. कोपऱ्यातली काठी मी त्यांच्या हातात दिली. तीच साडेचार फुटांची काठी. आधाराला ती त्यांना उंच पडते. त्यांनी ती घेतली, पण मला सोडायला पायरीपर्यंत आले नाहीत. त्या घरातून चहा न घेता मी आजच पहिल्यांदा निघालो.

गौरवलेखात लेखकाने स्वतःला मागे ठेवावे, हे मला कळते. पण बापूसाहेब काय आहेत हे माझी चूक बाजूला ठेवून सांगायचे, तर ऋषितुल्य म्हणावे लागते, आणि ते त्यांनी ऐकून घेतले नाही. त्यांनी मोजायची जागा कधी बदलली नाही. स्वतःसाठी नाही आणि माझ्यासाठीही नाही. चुकलेल्या शब्दाचा भार त्यांनी स्वतःवर घेतला. न केलेल्या दुरुस्तीचा घेतला नाही. हा फरक मला कळायला सेहेचाळीस वर्षांचे व्हावे लागले, आणि तो मला नीट कळला आहे की नुसता आज टोचला आहे, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून हा लेख आज दुपारीच संपादकांच्या घरी पोचवीत आहे, तारखेसकट, जसाच्या तसा. उद्या मी कचरलो तरी हे त्यांच्या हातात राहील.

बापूसाहेबांना अजून इतकी वर्षे मिळोत की दक्षिणेच्या उतारावरचे एखादे वीतभर रोप त्यांच्या हयातीत उठून उभे राहील. त्यांचे डोळे उघडोत, गुडघे टेकले तर पुन्हा उठता येवो, आणि सुकलूंसारखे कोणी शेजारी बसून त्यांची थट्टा करो. ही इच्छा मी आज लिहून ठेवतो. ती त्यांच्यासमोर उच्चारण्याचा हक्क मला अजून नाही.

उद्या: कचेरी उघडताच भंवरडोहाच्या पानावर “साल” खोडून “सरई” लिहिणे, खाली कारण आणि माझी सही.